हट्टेवालीची नोंद

नववीच्या बत्तीस वह्या घेऊन मी बसलो आणि पहिल्या अकरा वह्यांत एकच शब्द वाचून माझं डोकं फिरलं. विकास. मी प्रश्न दिला होता, ‘मत देताना तुमच्या गल्लीतली मोठी माणसं कशाचा विचार करतात?’ अकराही घरांचं उत्तर होतं, विकासाचा. एका पोरानं ‘सर्वांगीण विकास’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याच्या घरासमोरच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल त्या पावसाळ्यात दोनदा घसरली होती, म्हणून तो शब्द मला जरा जास्तच लागला असेल.

तेव्हा मी सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या पुढे, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवत होतो. हिंगोलीहून रोज जाऊन येऊन करायचो. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. पुस्तकातला निवडणुकीचा धडा आणि गावातली निवडणूक असा योग दरवर्षी येत नाही, म्हणून मी प्रकल्प काढला. पोरांनी घरोघर जाऊन निवडणुकीचे मुद्दे गोळा करायचे, वर्गात त्यांची छाननी करायची आणि निवडक नोंदी वर्गाच्या ब्लॉगवर टाकायच्या. ब्लॉगची कल्पना ऐकून मुख्याध्यापक खूश झाले. त्यांना नुकतंच एका प्रशिक्षणात ‘तंत्रस्नेही’ असं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि ते कुठंतरी वापरायचं होतं. त्यांची अट एकच होती. आचारसंहिता चालू आहे, तेव्हा पक्ष, पॅनल, उमेदवार यांतलं काहीही येता कामा नये.

मी वर्गात गेलो आणि विकास या शब्दावर बंदी घातली. ज्याला लिहायचाच असेल त्यानं कोणत्या गल्लीत, कोणत्या खांबाजवळ आणि कोणाचा, हेही लिहायचं. पोरं हसली. मग मी विचारलं की सगळी उत्तरं बाप्यांचीच कशी आली? तर म्हणे बाया बोलतच नाहीत, त्यांना विचारा म्हणून आत निघून जातात.

तांड्यावरून येणारी एक मुलगी मागच्या बाकावर बसायची. हुशार होती, पण हात वर करायची नाही. बोलायचं असलं की सरळ उभी राहायची. ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाया घरी बोलत न्हाईत सर. येचणीला बोलतेत.”

कापसाची वेचणी जोरात होती. रविवारी शाळेतल्या निम्म्या पोरी आयांबरोबर वेचणीला जायच्या, हे मला माहीत होतंच. सोमवारीही बऱ्याच जणी गैरहजर असायच्या. मी म्हटलं, ठीक आहे, तिथंच विचारा. ज्यांना लिहिलेलं चालेल त्यांचंच लिहा, आधी विचारून घ्या. इतपत शहाणपण मला होतं.

पुढच्या आठवड्यात वह्या आल्या आणि मी त्या दोनदा वाचल्या. रेशनच्या रांगेत ठसा उमटत नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी होती. उपकेंद्रात नर्स कोणत्या वारी असते हे कुणालाच कळू दिलं जात नाही, असं एकीनं सांगितलं होतं. अंधार पडल्यावर बाहेर जायच्या वाटेवरचा बंद दिवा होता. पोरींनी कापसाच्या ओळीत चालता चालता ऐकलेलं रात्री घरी बसून उतरवलं होतं आणि त्यात विकास हा शब्द एकदाही नव्हता. मला फार बरं वाटलं. शिक्षकाला असं बरं वाटलं की समजावं, पुढं काहीतरी चुकणार आहे.

नावांचा प्रश्न मी आधीच सोडवून टाकला होता. निदान मला तसं वाटत होतं. आमच्याकडे आडनाव कळलं की गल्ली कळते आणि गल्ली कळली की पुढचं सांगावं लागत नाही. मी स्वतः ज्या गल्लीत वाढलो तिचं वर्णन लोक कोणत्या स्वरात करतात हे मला पाठ आहे. म्हणून मी नावं, आडनावं सगळी लाल शाईनं खोडायला लावली. पोरांनी विचारलं, मग लिहायचं काय? मी म्हटलं, तुम्ही त्यांना हाक मारता तसं लिहा. काकू, मामा, आजी, काय असेल ते.

तांड्यावरच्या मुलीची नोंद सगळ्यांत चांगली होती. ती अशी होती:

‘हट्टेवाली काकू म्हणाली, आमच्या गल्लीला एकच नळ आला आणि तो बैठकीसमोर बसवला. पाणी सकाळी येतं. तेव्हा बैठकीत माणसं चहा पीत बसलेली असतात. भायाच्या पुढून घागर घेऊन कसं जायचं, म्हणून आम्ही बाया हापशावर जातो. ते म्हणतात गल्लीला पाणी दिलं. मागच्या वेळी मी घरचं बटन दाबलं नाही. घरी माहीत नाही.’

मताबद्दलची शेवटची दोन वाक्यं मी काढायला हवी होती. ती मी काढली नाहीत, कारण तीच सगळ्यांत चांगली होती. दुसरं कारण नाही. नाव तर कुठंच नव्हतं, मग भीती कसली, असं मी मनाशी म्हटलं. शाळेतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर, माझ्या फोनचं नेट लावून, एका पोरानं एका बोटानं ती टाइप केली.

पहिल्या दोन दिवसांत ब्लॉग नऊ वेळा उघडला गेला आणि त्यांतले सात वेळा मीच होतो. मला ते बघवेना. मी लिंक गावाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकली. गावातली तरणी पोरं पुण्याकडं, चाकणला कंपन्यांत आहेत. तिकडं गावाकडचं काहीही आलं तरी ती वाचतात. संध्याकाळपर्यंत आकडा भराभर चढला आणि मी बायकोला तो दोनदा दाखवला.

सकाळी शाळेत पोचलो तर मुख्याध्यापकांच्या खोलीत गावातल्या एका पॅनलचे प्रमुख बसले होते. माजी उपसरपंच, पांढरा शर्ट, बोलणं हळू. शाळेच्या समितीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांच्या मुलानं पुण्याहून रात्रीच फोन केला होता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हट्टा तिकडं वसमत तालुक्यात. आमच्या त्या गावात हट्ट्याची दिलेली बाई एकच होती. सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची ही आमच्याकडची रीत, तिच्यावरून नाव, आडनाव, घर, दार सगळं कळतं. माझ्या आईला आमच्या गल्लीत जन्मभर वसमतवालीच म्हणायचे. ती गेल्यावर दाखल्यावरचं नाव वाचून शेजारचा माणूस मला विचारत होता, ही कोण? असा माणूस मी, आणि मला वाटलं की नाव खोडलं म्हणजे झालं. गावाचं नाव दिसलं म्हणून मी ते नुसतं गाव समजलो, बाई समजलो नाही. स्वतःच्या हातानं धोंडा पाडून घेतला म्हणावं, तर तो माझ्या पायावर पडलेलाच नव्हता.

तो पडला होता आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंच्या पायावर. त्याच हट्टेवाली. पोरं त्यांना काकू म्हणायची, आम्ही ताई म्हणायचो. पॅनलप्रमुख त्यांचे चुलत भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. अंगण एक, चुली वेगळ्या. ताईंच्या नवऱ्याचं पाठीचं दुखणं होतं, त्याला काम होत नसे. शाळेतलं काम भायांच्याच शब्दानं लागलं होतं आणि त्यावर घर चाललं होतं. मागच्या निवडणुकीत भायांच्या वॉर्डातली जागा थोडक्या मतांनी पडली होती. फितुरी कुणी केली यावरून शेजारच्या घराशी त्यांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं.

“सर,” ते म्हणाले, “ह्ये पोरीनं ऐकून लिहिलं का मनानं लिहिलं, तेवढं सांगा.”

खिडकीतून स्वयंपाकाची शेड दिसत होती. ताई आत होत्या, पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते, म्हणजे मी काय उत्तर द्यावं ते त्यांचं ठरलं होतं. मीही हिशेब केला. खरं सांगितलं तर बाईंचं काम जाणार, घरात जे व्हायचं ते होणार. खोटं सांगितलं तर एका मुलीनं गृहपाठात कल्पना लढवली, एवढंच. पोरगी लहान आहे, विसरेल.

मी म्हटलं, “मनानं लिहिलं असेल. लेकरूच आहे.”

“असेल म्हणू नका. बोलवा तिला.”

मुलगी आली. मी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं. हे तू कल्पनेनं लिहिलंस ना, असं विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “व्हय सर.”

पॅनलप्रमुखांनी फोन खिशात ठेवला. लेकराला रागावू नका म्हणाले. मात्र गावात चुकीचं पसरलंय, तर प्रार्थनेला तिनं सगळ्यांसमोर तसं सांगावं आणि कॉम्प्युटरवरही तसं यावं, एवढी त्यांची अपेक्षा होती. चहा घेतला आणि गेले. सगळं मिळून अर्धा तास लागला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती पुढं आली आणि म्हणाली की मी खोटं लिहिलं, माझं चुकलं. लहान वर्गांतली पोरं हसली. मी नोंद काढली आणि तिच्या जागी माझ्याच हातानं टाइप केलं, ‘या ठिकाणची एक नोंद विद्यार्थिनीने कल्पनेने लिहिली होती. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.’ त्या दिवशी परत जाताना रस्त्यात मला सुचलं की मी काय म्हणायला हवं होतं. तीन आठवड्यांपूर्वीच वर्गात मी गुप्त मतदान शिकवलं होतं. कुणाला मत दिलं हे विचारायचा हक्क कुणालाच नाही, बापालासुद्धा नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. त्या खोलीत ते एक वाक्य मला आठवलं नाही, नर्सीच्या फाट्यावर आठवलं. माझं शहाणपण नेहमीच असं, वरात निघून गेल्यावर येतं.

मतदान झालं. ताई रोज येत होत्या, खिचडी शिजवत होत्या. मला वाटलं, निभावलं. फक्त एक गोष्ट खुपली. प्रकल्पाचा दुसरा भाग होता, मतदानानंतर पुन्हा घरोघर जायचं. तांड्यावरच्या मुलीनं वही दिली. पाच घरांची नावं खोडलेली होती आणि पाचही घरांपुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, विकास. मी तिला बोलावून काही विचारलं नाही. वहीवर सही केली.

आठवड्यानं तांदूळ मोजून द्यायची पाळी माझ्याकडं आली. मी वहीत आकडा लिहीत होतो. ताई तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सर, त्या पोरीला काहून खोटं पाडलं?”

मी म्हटलं, तुमच्यासाठी. तुमचं काम गेलं असतं, घरात तकलीफ झाली असती. जरा चिडूनच म्हटलं. आपण एखाद्याचं भलं करावं आणि त्यानंच जाब विचारावा, हे मला झेपत नाही.

“मला ईचारलं का?” त्या म्हणाल्या. “तुमी तिघं आत बसले. मी हितं होते, वीस पावलावर. हाक मारली असती तर आले असते.”

त्यांनीच पुढचं सांगितलं. मुलीनं वेचणीत त्यांना विचारलं होतं, काकू हे लिहू का? तर त्या म्हणाल्या होत्या, लिही, सगळं लिही. भाया शाळेतून घरी गेले त्याच संध्याकाळी त्यांनी अंगणात उभं राहून सांगून टाकलं होतं की पोरगी खोटी नाही, मी म्हणाले. त्यावर भाया म्हणाले होते, मास्तरनं मिटवलंय, आता तू गप राहा.

म्हणजे प्रार्थनेच्या आधीच भायांना सगळं ठाऊक होतं. खरं काय ते विचारायला ते शाळेत आलेच नव्हते. घरातलं मत फुटलं हे गावात कळू नये म्हणून त्यांना कुणीतरी खोटं बोलणारा हवा होता आणि तो मी निघालो. मला लाज वाटली. इतकी की ताईंचा आणखीच राग आला, आणि राग आल्याची पुन्हा लाज वाटली. बायांना कुणी विचारत नाही म्हणून मी महिनाभर वर्गात गळा काढला होता.

मी विचारलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, “त्ये मला काय ईचारता? पोरीला ईचारा.”

मधल्या सुट्टीत मी मुलीला बाजूला बोलावलं आणि म्हटलं की माझं चुकलं. ती पायातल्या चपलेकडं बघत म्हणाली, “मी प्रार्थनेला बोलले सर. तुमी बी तितंच बोला.”

परत शेडकडं गेलो. या वेळी विचारायला विसरलो नाही. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं तर तुमचं काम जाईल, असं ताईंना स्पष्ट म्हटलं. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. “जाईल तर जाईल. येचणीला माणसं लागतेतच.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर मी पुढं झालो. सांगितलं की त्या मुलीनं ऐकलं तेच लिहिलं होतं, खोटं मी बोललो आणि तिलाही बोलायला लावलं. चारच वाक्यं होती. पोरं हसली नाहीत. ती मुलगी रांगेत समोर बघत उभी होती. मुख्याध्यापकांनी घंटा द्यायला सांगितली आणि दुपारी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. तो मी दिला. संध्याकाळी सूचना काढून नोंद परत लावली, होती तशी.

पुढं ती मुलगी वर्गात पूर्वीसारखी सरळ उभी राहून बोलायला लागली. माझ्याशी मात्र मोजकंच बोलायची. ते बराबरच होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेडमध्ये दुसरी बाई होती. नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, नियमच आहे, असं समितीत सांगण्यात आलं. मी विरोध केला. बैठकीच्या वहीत तो लिहिला गेला नाही. मी पुन्हा म्हटलं की लिहा, तर म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. नव्या बाईची खिचडी चांगली होती, पोरांची तक्रार नव्हती. मी मात्र डबा आणायला लागलो.

दिवाळीनंतर एके दिवशी शाळा सुटल्यावर परत येत होतो. रस्त्याच्या कडेला वेचणीच्या बाया ऑटोची वाट बघत उभ्या होत्या. त्यांत हट्टेवाली ताई होत्या. मी गाडी थांबवली. नवऱ्याच्या पाठीचं विचारलं. हाय तसंच हाय, म्हणाल्या. मग जरा पुढं आल्या.

“त्ये लिहिलेलं हाय का अजून?”

आहे म्हटलं.

“वाचून दावा बरं. मी न्हाई ऐकलं.”

मला आधी कळेना. मग कळलं. त्यांना वाचता येत नव्हतं. गावानं ते वाचलं होतं, पुण्यात आणि चाकणला वाचलं होतं, त्यांच्या भायांनी चष्मा लावून वाचलं होतं. ज्यांचं होतं त्यांना कुणीही वाचून दाखवलं नव्हतं. मीही नाही.

मी फोन काढला. रेंज यायला वेळ लागला. बाकीच्या बाया जवळ आल्या. मी गाडीवर बसूनच वाचायला लागलो, मग खाली उतरलो. बैठकीसमोरचा नळ, सकाळचं पाणी, भाया, घागर. ताई मान हलवत होत्या. मागच्या वेळी मी घरचं बटन दाबलं नाही, इथं आल्यावर त्यांनी हात केला.

“थांबा. त्ये चुकलं.”

मी म्हटलं, काय चुकलं?

“मागच्या येळीच न्हाई. त्याच्या आधी बी न्हाई दाबलं. नळ तर नंतर आला. तेवढं नीट करा.”

ऑटो आला. बाया कापसाची ओझी सावरत दाटीवाटीनं बसल्या. मी तिथंच उभा राहून ते वाक्य दुरुस्त केलं.